हात आणि भुवया

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही, आणि त्यांनाही ते मुळीच आवडत नाही. "जुन्या नाटकातली बाई वाटते मी," असं म्हणून त्या नाक मुरडतात. म्हणून तर मी म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमचं हे असंच चाललंय. आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, आम्हा दोघींच्या मधे पडायचं नाही हे फार लवकर शिकले.

घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. बटणं, चेन, दोरे, लेस, अस्तराचं कापड, असं शिवणाचं बारीकसारीक सामान. मागच्या खोलीत वन्संचं काम चालतं. त्यांच्याकडे येणाऱ्याला माझ्या दुकानातूनच आत जावं लागतं, त्यामुळे कोण आलं, कशाला आलं आणि जाताना तोंड कसं होतं, हे सगळं मला आपोआप कळतं.

वन्सं व्हिडिओ लहान करून देतात. लहान म्हणजे कापून नव्हे, हलका करून. हल्ली फोनवर काढलेला व्हिडिओ इतका जड असतो की पाठवायला गेलं तर अर्ध्या वाटेत अडकून बसतो. फोन स्वतः त्याला हलका करतो, पण समोर काय आहे याची त्याला काडीची अक्कल नसते. सगळीकडून सारखंच खरवडतो. मग पलीकडच्या माणसाला मिळतात नुसते पुसट डाग. असं झालं की लोक वन्संकडे येतात.

आलेल्या प्रत्येकाला वन्सं एकच प्रश्न विचारतात, "यात तुम्हाला काय बघायचंय?" लोक म्हणतात, "सगळं." झालं, वन्संचा पारा चढतो. "सगळं कुणालाही बघायचं नसतं. नीट आठवून सांगा." एकदा एक गृहस्थ आपल्या मुलीच्या फुटबॉल सामन्याचा व्हिडिओ घेऊन आले. कुणीतरी तो आधीच हलका करून दिला होता. त्यात पोरी जीव तोडून धावत होत्या, लाथा मारत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि चेंडूच नव्हता. गवताच्या पात्यापात्याचा हिशेब ठेवता ठेवता कॉम्प्युटरने चेंडू गवतात जमा करून टाकला होता. वन्संनी मूळ फाइल मागून घेतली, गवताला गुळगुळीत हिरवं करून टाकलं आणि चेंडू परत आणला. ते गृहस्थ माझ्या दुकानात उभे राहून सगळा सामना पुन्हा बघत राहिले. त्यांच्यामुळे माझी दोन गिऱ्हाइकं बाहेर ताटकळली.

हे काम त्या एका बातम्यांच्या वाहिनीत शिकल्या. दूरदूरच्या वार्ताहरांनी पाठवलेली दृश्यं बातम्यांच्या वेळेआधी बारीकशा लाइनीतून आत ओढून घ्यायची, हे त्यांचं अर्ध्या आयुष्याचं काम. वाहिनी बंद पडली तेव्हा त्यांनी आपला कॉम्प्युटर आणि आपला तोरा दोन्ही घरी आणले.

खरं सांगायचं तर या कामात एवढं काय आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एका रिकाम्या दुपारी मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

"बस इथे," वन्सं म्हणाल्या. "व्हिडिओ म्हणजे काय? एकामागून एक चित्रं. माणूस खुर्चीत बसून बोलतोय. मागची भिंत या चित्रात आहे तशीच पुढच्या चित्रात आहे. मग ती पुन्हा कशाला पाठवायची? एकदा पाठवली, झालं. पुढे फक्त जे हललं तेवढंच सांगायचं."

"मग राहिलं काय त्यात?"

त्यांनी एक बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्या काळ्यावर फक्त हललेलं तेवढं दिसायला लागलं. पापण्यांची उघडझाप, ओठांची कड, श्वासाबरोबर वरखाली होणारी कॉलरची एक रेघ. बाकी माणूस नाहीच. आणि तरी मी त्याला ओळखलं. ते आमचे हे होते. वन्संनी त्यांचा कधीतरी काढलेला व्हिडिओ लावला होता. ज्या माणसाला मी रोज समोर बसवून जेवायला वाढते त्याचं एवढंसंच हलतं, आणि तेवढ्यात तो अख्खा असतो! त्या दिवसापासून मी वन्संना चिडवते खरी, पण त्या कामाला बसल्या की मागच्या खोलीत पाय न वाजवता जाते.

आमच्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की शिवणबाईचं दुकान आहे. तिचं खरं नाव फार थोड्यांना माहीत असेल. ती जन्मापासून बहिरी आहे, बोलतही नाही, आणि अख्ख्या रस्त्याचे कपडे शिवते. माझी तिची गाठ रोजची. ती दाराशी येऊन बोटांनी चेनची लांबी दाखवते, दोऱ्याच्या रंगासाठी आपल्याच कपड्यावरच्या एखाद्या फुलावर बोट ठेवते, भावावरून भांडते. हो, ती हातांनी भांडते, आणि तिच्याशी भांडणात जिंकणं मला जमलेलं नाही. इतक्या वर्षांत मला तिची भाषा थोडीफार कळायला लागली. माझ्याच वयाची, म्हणून आमचं सगळं एकेरीत.

तिला एकच मुलगा. तोही बहिरा. दूरच्या एका बेटावर हवामानाचं केंद्र आहे, तिथली यंत्रं तो दुरुस्त करतो. बेटावर जहाज ऋतू बदलला की जातं, मधे काही नाही. तिथून फोनवर एकमेकांना बघत बोलता येत नाही, कारण लाइन फारच बारीक. दोन ओळींचा मजकूर जातो, आणि दिवसाला एखादी छोटीशी फाइल. मुलगा शिकलेला, लिहितो-वाचतो. शिवणबाईला मात्र मापं आणि नावं याच्यापुढे लिहिता येत नाही. तिच्या लहानपणी तिला कुणी शिकवलंच नाही. तिची भाषा म्हणजे तिचे हात.

आणि त्या हाताला गाठ झाली. उजव्या मनगटात.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाठ वाईट आहे, लगेच काढायला हवी, नाहीतर अख्खा हात जाईल आणि कदाचित जीवही. काढल्यावर बोटं हलतील का, तर बहुतेक नाही. ऑपरेशनची तारीख ठरली. शिवणबाई गेलीच नाही.

मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ओठांवरून तिला बरंचसं समजतं. तिने मशीन थांबवलं, माझं बोलून होऊ दिलं, आणि मग हातांनी सांगितलं. मुलाला दुसऱ्याकडून मजकूर लिहवून कळवलं होतं, तो म्हणतोय ऑपरेशन कर. पण ती त्याच्याशी अजून बोललीच नाहीये. त्याच्या जन्मापासून ती त्याच्याशी या हाताने बोलत आलीय. हा हात जाण्याआधी तिला त्याला काही सांगायचंय. दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेऊन नाही. तो ते बघेल, त्याला ते कळेल, तो तसं सांगेल, मग ती जाईल.

"आणि नाही कळलं तर?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्याच दुपारी मी तिला हाताला धरून वन्संसमोर उभं केलं.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? बसव त्यांना." मला हायसं वाटलं. असल्या बारीक लाइनीतून वन्संनी वादळं आणि निवडणुका आणल्या होत्या, एका आईचं बोलणं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा खेळ. शिवणबाईच्याच दुकानात, मशीनशेजारी तिला बसवून त्यांनी व्हिडिओ काढला. शिवणबाई स्वतः शिवलेला, बारीक फुलाफुलांचा सगळ्यात चांगला ड्रेस घालून बसली होती. बाजूला कपड्यांचे गठ्ठे, वर पंखा, खिडकीत झाड. ती बराच वेळ बोलली. वन्संनी तो व्हिडिओ हलका केला, फाइल मावेल इतकी झाली, आणि पाठवली.

मुलाचा मजकूर आला. "आईचा चेहरा छान दिसला. खूप बरं वाटलं. ती काय म्हणाली?"

वन्संनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पाठवलेली फाइल उघडली. चेहरा खरोखर छान होता, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या. खाली, जिथे हात असायला हवेत, तिथे दोन करड्या ढगांसारखं काहीतरी इकडून तिकडे जात होतं. फाइल मावावी म्हणून सेकंदातली निम्मी चित्रं काढून टाकली होती, आणि शिवणबाईची बोटं नेमकी त्या काढलेल्या चित्रांमधे बोलून गेली होती. बातम्यांत माणूस म्हणजे चेहरा आणि आवाज. वन्संचा हात आपोआप तिकडेच वळला होता.

आवाज! मला तेव्हा सुचलं आणि मला जीभ आवरता आली नाही. "वन्सं, आवाज कसा काय आला विचारा की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि एकदम खुर्चीत मागे टेकल्या. आई बहिरी, मुलगा बहिरा, आणि वन्संनी त्या एवढ्याशा फाइलमधली चांगली मोठी जागा देऊन पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे स्वच्छ करून पाठवले होते. मी हसायला लागले. हसता हसता पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले. मग माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"गाढव आहे मी," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारलंच नाही. जगाला विचारते आणि त्यांना विचारलं नाही, काय बघायचंय म्हणून."

त्या उठल्या, स्वतः रस्ता ओलांडून गेल्या आणि शिवणबाईसमोर स्टूल ओढून बसल्या. मी मधे दुभाषी. वन्संनी आधी माफी मागितली. ते सांगायला मला काही कष्ट पडले नाहीत, वन्संचं तोंडच सगळं सांगत होतं. मग त्यांनी विचारलं, "मुलाला तुमचं बोलणं कळायला काय काय दिसायला हवं?"

शिवणबाईने दोन्ही हात वर केले. बोटं. प्रत्येक बोट. मग तिने भुवयांवर बोट ठेवलं. मला कळेना, म्हणून तिने करून दाखवलं. एकच खूण, भुवया वर असल्या तर "तू जेवलास का?" आणि भुवया खाली असल्या तर "तू जेवलास." इतकी वर्षं ती मला प्रश्न विचारत होती आणि मी तिला वाटेल ती उत्तरं देत होते, हे मला त्या दिवशी कळलं. भावावरच्या भांडणात मी का हरायचे तेही.

"हात आणि भुवया," वन्सं म्हणाल्या. "बाकी सगळं टाकते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकायला सुरुवात केली. पंखा बंद. खिडकी बंद, कारण झाडाचं प्रत्येक पान हललं की फाइलमधली जागा खातं. कपड्यांचे गठ्ठे बाहेर. मोकळी भिंत. एवढं झाल्यावर वन्संची नजर शिवणबाईच्या फुलाफुलांच्या ड्रेसवर गेली. "हा नको," त्या म्हणाल्या. मी ते सांगितल्यावर शिवणबाई अशी काही उखडली की विचारू नका. या गावात तिच्या शिवणीला कुणी नको म्हटलेलं नव्हतं. मी तिला समजावलं की ड्रेसला नावं ठेवत नाहीये कुणी, पण ती हलली की एवढी सगळी फुलं हलतात, आणि मग बोटांना जागा उरत नाही. तिने फुलांकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. मग मी माझ्या दुकानातून काळ्या अस्तराचं कापड आणलं आणि गळ्यापासून तिच्या अंगाभोवती गुंडाळलं. काळ्यावर तिचे हात इतके उठून दिसले की मी क्षणभर बघतच राहिले. इतकी वर्षं हे हात मी रोज पाहत होते आणि मी ते पाहिलेच नव्हते.

ती बोलली. या वेळी वन्संनी चित्र अगदी लहान केलं, तळहातावर मावेल एवढं, पण सेकंदातलं एकही चित्र काढलं नाही. आवाज मुळातूनच काढून टाकला. उरलेलं सगळं बोटांना आणि भुवयांना दिलं. मग आमच्या मागच्या खोलीत येऊन तो व्हिडिओ एका जुन्या छोट्या फोनवर टाकून शिवणबाईच्या हातात ठेवला. तीच परीक्षक. जिथे तिला स्वतःचं बोलणं वाचता येणार नाही तिथे तिने टेबलावर टिचकी मारायची.

तिने बघायला सुरुवात केली. एका ठिकाणी टिचकी मारली. वन्संनी ते दुरुस्त केलं. आणखी एका ठिकाणी मारली, तेही दुरुस्त झालं. मग शेवटाकडे एक जागा आली, तिथे तिने टिचकी मारली, आणि दुरुस्त करून दिल्यावर पुन्हा मारली. वन्संनी आजूबाजूचं आणखी खरवडून त्या जागेला आणखी दिलं. पुन्हा टिचकी. पुन्हा केलं, पुन्हा टिचकी. जेवणाची वेळ टळून गेली. आमचे हे दारात येऊन "ताई, जरा..." एवढं म्हणून परत गेले.

शेवटी मी वन्संच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "वन्सं, मला दिसतंय की. नखंसुद्धा दिसतायत."

"मलाही दिसतंय," वन्सं हळूच म्हणाल्या. "अख्ख्या फाइलमधे यापेक्षा स्वच्छ जागा नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिला विचार. तिथलं दिसत नाहीये, की दाखवायचं नाहीये?"

मी विचारलं. शिवणबाईने फोन उलटा करून मांडीवर धरला. मग तिने तो बाजूला ठेवला आणि ती जागा आम्हा दोघींसाठी पुन्हा बोलली. हळूहळू, मला कळेल अशी. मनगट दुखत होतं, तिचा ओठ दाताखाली होता, पण हात थांबला नाही.

मुलगा झाला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, याला ऐकू येत नाही. सगळे रडले. नवरा रडला, सासू रडली, आई रडली. मी पण रडले, सगळ्यांबरोबर. पण आत, आत मी हसत होते. आता मला बोलायला कुणीतरी आलं.

एवढंच. हे तिने मुलाला कधीच सांगितलं नव्हतं. आपल्या पोराला ऐकू येत नाही म्हणून आनंद झालेली आई कसली आई, असं तिला जन्मभर वाटत होतं. मी रडले, खोटं कशाला सांगू. वन्सं रडल्या नाहीत. त्या तिच्या हातांकडे बघत बसल्या होत्या, तोंड किंचित उघडं, जसं लहान मूल आभाळात काही बघतं तसं. उभ्या आयुष्यात त्यांच्या लाइनीतून किती काय गेलं असेल, पण असं काही त्यांच्या टेबलावर यापूर्वी आलं नसावं.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "काढायचं असेल तर काढते. तिचं बोलणं आहे, तिने ठरवायचं. पण जागा पुरली नाही म्हणून काढलं, असं मी म्हणणार नाही."

शिवणबाईने मान हलवली. नाही. मग माझ्या हाताला धरून पुन्हा, जोरात, नाही. राहू दे.

फाइल गेली. हा असा बारीक दोरा, एवढं अंतर, आणि त्यातून ते एवढंसं काळं चित्र सरकत सरकत जातंय. पोचल्याची खूण आली तेव्हा आम्ही तिघी एकमेकींकडे बघून उगाचच हसलो. आणि मग वाट बघणं आलं. दुसऱ्या दिवशी मजकूर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी दिलेली नवी तारीख पुढ्यात येऊन उभी राहिली. दवाखान्यातून फोन यायचा, तो मी घ्यायचे आणि "सांगते" म्हणायचे. शिवणबाई समोर बसून शिवायची. तिच्या टिपा वाकड्या पडायला लागल्या होत्या, हे रस्त्यात फक्त मलाच कळत होतं, कारण टिपा उसवून उसवून ती तोच दोरा पुन्हा पुन्हा माझ्याकडून नेत होती.

वन्सं त्या दिवसांत खेकसणंसुद्धा विसरल्या. "आपण काही चुकलो का गं?" त्यांनी मला विचारलं. मला. मी त्या दिवसापुरतं वन्सं म्हणणंही सोडून दिलं.

तारखेच्या आदल्या सकाळी फाइल आली. मजकूर नव्हता, व्हिडिओ होता. वन्संनी हाक मारली आणि मी दुकान तसंच उघडं टाकून रस्त्यापलीकडून शिवणबाईला कामाच्या एप्रनसकट ओढून आणलं.

मुलगा एका मोकळ्या भिंतीसमोर बसला होता, अंगात काळं स्वेटर. "शहाणा आहे हो," वन्सं पुटपुटल्या, "न सांगता कळलंय त्याला." तो बोलायला लागला आणि वन्सं एकदम पुढे सरकल्या. त्यांनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. "हात कुठे गेला? दुसरा हात कुठे गेला? चित्र कडेने कापलं गेलंय बहुतेक. थांबा, थांबा जरा."

चित्र कुठेही कापलं गेलं नव्हतं. दोन्ही खांदे दिसत होते, दोन्ही बाह्या दिसत होत्या. उजवी बाही खाली जाऊन पँटच्या खिशात शिरली होती. मुलगा फक्त डाव्या हाताने बोलत होता. अडखळत, थांबत, एखादी खूण दोनदा करून. जिथे दोन हात लागतात तिथे तो डावा हात छातीवर टेकवायचा, कधी गुडघ्यावर, आणि त्यातून वाट काढायचा. या उत्तराला इतके दिवस का लागले ते मला तेव्हा कळलं. तो शिकत होता.

शिवणबाई हलली नाही. तिचे डोळे त्या एका हाताला धरून होते. मधे एकदा तिने पडद्यावरच्या त्याच्या गालावर लटकी चापट मारली, आणि मधे एकदा दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिच्या त्या शेवटच्या बोलण्यावर तो काय म्हणाला ते तिने आम्हाला सांगितलं नाही, आणि वन्संनी मला विचारूही दिलं नाही. पण एक वाक्य मला माझं मलाच वाचता आलं, कारण तो ते पुन्हा पुन्हा विचारत होता, भुवया उंच करून. एका हाताने बोलतोय, आई. कळतंय?

व्हिडिओ संपला. तो शेवटच्या चित्रावर तसाच राहिला, भुवया वर.

शिवणबाईने डोळे पुसले. मग तिने आपला उजवा हात, गाठ आलेला, सावकाश एप्रनच्या खिशात घातला, खुर्ची सरळ करून भिंतीपाशी नेली, आणि वन्संना कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. डाव्या हाताचं.

वन्संनी पंखा बंद केला.